दुसऱ्या नमस्काराची हकिकत

श्रीकृपेने बुद्धी ठिकाणी राहो आणि अक्षर सरळ येवो. एका नामांकित प्रोग्रामिंग भाषेच्या सरकारी कोठारात, ज्यास संगणकवाले स्टँडर्ड लायब्ररी म्हणतात, जाणाऱ्या टपालास पडदा नव्हता, तो कैसा जाहला, मोहीम कोणी मांडिली, शिकस्त किती वेळा खाल्ली आणि फत्ते कोणाच्या बोलण्याने जाहली, हे जैसे घडले तैसे येथे सादर लिहिले असे.

कोठार बहुत संपन्न. त्यात तारखा मोजण्याची यंत्रे होती, अक्षरे जुळविण्याची होती, आणि टपालाचे दालनही होते. येणाऱ्या टपालास पडदा मागील सालीच मिळाला होता, परंतु जाणारे टपाल पोस्टकार्डाप्रमाणे उघडे जाई, आणि वाटेत ज्यास फुरसत असेल तो वाची. या दालनाच्या कारभारीणबाई आपल्याच घरी, जेवणाच्या टेबलाच्या खिडकीकडील कोपऱ्यावर ठाणे देऊन बसत. वेतन काही नाही, मान मोठा, खुर्चीचा एक पाय आखूड.

बाईंच्या मातोश्रींस बारीक दिसेना, सबब बाईंनी याच भाषेत त्यांस मोठ्या अक्षरांची एक पत्रपेटी करोन दिली होती. एक खिडकी, एक बटण आणि पलीकडे एकच पत्ता, तो दूरदेशी एकट्या राहणाऱ्या मावशीसाहेबांचा. रोज सकाळी मातोश्री पुसत की काल जेवलीस काय, आणि मावशीसाहेब, या प्रश्नास खरे उत्तर द्यावे लागते म्हणोनच, वेळेवर जेवीत.

ऐसे असता एके सोमवारी मातोश्रींनी पत्रात लिहिले की नवी कवळी रुतते आणि 'स' म्हणता शिट्टी वाजते. मग मंगळवारी जिन्यात गाठ पडली ती तिसऱ्या मजल्यावरील काकांची. हे काका नोकरीतून मोकळे जाहल्यापासून अवघ्या इमारतीचे इंटरनेट आपल्या कपाटातील डब्यातून वाटीत, आणि वायरीतून काय काय जाते ते पाहण्याचा त्यांस छंद. चार शेजारी भाजीच्या पिशव्या घेऊन उभे असता काकांनी मायेने विचारले, “काय वहिनी, शिट्टी थांबली का?”

मातोश्री काही बोलल्या नाहीत, कारण बोलावे तर शिट्टी वाजेल. वर आल्या, पेटी बंद केली, आणि नऊ दिवस पत्र गेले नाही. फोन करावा तर भिंती पातळ. तिकडून मावशीसाहेबांचे खलिते येऊ लागले. पहिला, “रागावलीस का गं?” दुसरा, “आज जेवायचं राहिलं. एकटीसाठी काय मांडायचं.” तिसऱ्यात नुसता एक ठिपका.

बाईंनी अर्ज केला की बाहेरून कोणाचा तयार पडदा आणोन पेटीस लावते. मातोश्रींनी फर्माविले की उसने काही घरात नको, तू त्या कोठाराची कारभारीण म्हणवतेस तर तिथलेच दे. मग बाईंनी कंबर कसली.

तीन दिवस चहावर चहा थंड करोन मनसुबा सिद्ध केला. तो ऐसा: आपले टपाल पलीकडील टपालघराच्या दारी जाऊन उघड्यावर नमस्कार करील, मग पडदा टाकू काय पुसेल, टाका म्हणताच पडदा टाकील, पलीकडचा खराच तो आहे याची सनद तपासील, आणि पडद्याआड पुन्हा एकवार नमस्कार करोन मगच पत्र हाती देईल. याचा कोड लिहोन दरबारी, म्हणजे कोठार राखणाऱ्या मंडळींपुढे, रुजू केला. मुदत शुक्रवार, दुपारचे चार. त्यानंतर कोठाराचे दार बंद, ते उघडणार अठरा महिन्यांनी.

दरबारात शुद्धलेखनमास्तर म्हणोन एक बुजुर्ग होते. त्यांच्या नजरेखालून गेल्याविना कोठारात काही जात नसे, आणि त्यांनी तपासिलेल्या ओळीत स्वल्पविरामही भयाने ताठ उभा राही. आता टपालघरांच्या भाषेत नमस्कारास 'एहलो' म्हणतात. जुन्या 'हेलो'ची पहिली दोन इंग्रजी अक्षरे मागेपुढे केली, HELO चे EHLO, की हा नव्या रीतीचा पाहुणा हे कळावे. मास्तरांस वाटले, बाईंचा हात घाईत चुकला. त्यांनी तेवीस ठिकाणी मोठ्या प्रेमाने 'हॅलो' केले आणि शेरा मारिला, “घाई दिसते. काळजी घ्या.” मग चाचण्या सोडिल्या, आणि प्रत्येक टपालघराने एकच जबाब दिला, की हा हुकूम आमच्या ओळखीचा नाही. तेवीस मोर्चे एका क्षणात पडले.

बाईंनी शांतपणे अर्थ समजाविला. मास्तरांनी गुरुवारी तेवीसही जागा पूर्ववत केल्या, परंतु शुक्रवारी सकाळी, गप्प बसवेना म्हणोन, दुसरा नमस्कार खोडिला, आणि लिहिले, “पुनरुक्ती. एकदा झाला की.” पुन्हा चाचण्या, पुन्हा धूळधाण. टपालघरे म्हणू लागली, आधी नमस्कार करा. बाईंनी नियमांचा हवाला धाडिला, कलमे धाडिली. मास्तरांनी उत्तर दिले की नियम लिहिणाऱ्यांचेही शुद्धलेखन आपण पाहिले आहे.

तीन वाजून वीस मिनिटे जाहली. बाई कपाळास हात लावून बसल्या. मातोश्री बाजूस शेंगा सोलत होत्या.

“काय झालं?”

“आई, दारात नमस्कार झाला, मग आत येऊन पुन्हा कशाला, असं म्हणतायत.”

मातोश्रींनी नऊ दिवसांत प्रथमच 'स'ची पर्वा केली नाही. “दारातला नमस्कार जिन्यातल्या सगळ्यांसमोर असतो. तिथं कोण ऐकतंय, कोण मधे बोलतंय, काही सांगता येतं का? दार लावल्यावर माणूस खरं कोण ते कळतं. मग नवी ओळख नको?”

शिट्टी सहा वेळा वाजली. बाईंनी हे बोल, शिट्टी वगळोन, अक्षरशः दरबारी रवाना केले.

अर्ध्या तासाने मास्तरांनी खोडलेली ओळ आपल्या हाताने परत लिहिली, आणि वर टीप जोडिली: “दार लावल्यावरचा नमस्कार. काढू नये.” चारास सात मिनिटे उरली असता चाचण्या अवघ्या हिरव्या, म्हणजे उत्तीर्ण, जाहल्या, आणि कोठाराने पडदा आपला म्हणोन दाखल करोन घेतला.

बाईंनी नवे कोठार त्याच घटकेस पेटीत बसविले. मातोश्रींनी कवळी काढोन शेजारी ठेविली आणि एका बोटाने लिहिले, “दार लावून घेतलंय. आता सांग, दहा दिवस काय काय खाल्लंस?”

दुसरे दिवशी काका जिन्यात म्हणाले, “वहिनी, हल्ली तुमचं अक्षर लागत नाही हो.” मातोश्री म्हणाल्या, “वय झालं,” आणि भाजी घेऊन वर गेल्या.

येणेप्रमाणे जाणाऱ्या टपालास पडदा जाहला. शिकस्ती दोन, फत्ते एक. मावशीसाहेब शनिवारी दोन वेळा जेवल्या, ऐसी खबर पडद्याआडून आली. काय जेवल्या ते येथे लिहिता येत नाही.