पदक ड्यूटीवर हाय

"पदक कुठाय? अप्पा, मी इचारायलोय, पदक कुठाय?"

संतपूरच्या मैदानावर, सव्वीस जानेवारीच्या मांडवात, शाळेचे मुख्याध्यापक बिरादार सर ओरडत होते. त्यांच्या हातात माईक होता आणि तो चालू आहे हे त्यांना सोडून सगळ्या तालुक्याला माहीत होतं. स्टेजवर कारवारहून आलेले नौदलातले निवृत्त मोठे साहेब बसले होते. पायरीपाशी आमचे नेव्हीअप्पा उभे होते. अंगात निळा कोट, पायात बूट. बूट इतके चकचकीत, की त्यात बिरादार सरांचा घाम दिसत होता. फक्त छातीवर जिथं पदक पाहिजे, तिथं नुसतं टाचणीचं भोक.

अप्पांनी सरांकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "पदक ड्यूटीवर हाय."

आता ही ड्यूटी कसली, ते कळायला तुम्हाला आमच्या चिंताकीला यावं लागेल. चिंताकीहून समुद्र कुठल्याही दिशेनं गेलात तरी सारखाच लांब. आमच्याकडं पाणी म्हणजे विहीर आणि लाट म्हणजे तुरीवरून गेलेलं वारं. अशा गावातून वैजनाथ नावाचा एक तरणा गडी सोलापूरला भरतीला गेला. पोहता येतं का, असं तिथल्या साहेबानं विचारलं. गडी म्हणाला, विहिरीत येतं. साहेबानं विचार केला असेल, की समुद्र तरी काय, बिनकठड्याची विहीरच. झाला गडी खलाशी. गावात त्याच्या आईनं मात्र मरेपर्यंत सगळ्यांना सांगितलं, की माझा वैजू रेल्वेत आहे.

माझी पिठाची गिरणी अप्पांच्या घराला चिकटून आहे. गिरणीच्या आवाजावर बोलून बोलून माझं सगळंच जरा मोठं निघतं. लोक त्याला थापा म्हणतात. पण दळलेलं पीठ धान्यापेक्षा जास्त दिसतंच, त्यात गिरणीवाल्याचा काय दोष?

तर अप्पा नोकरी संपवून परत आले, तेव्हा ट्रंकेत दोन कोट, एक पदक आणि बोटांत गाठी घेऊन आले. गाठी म्हणजे दोरीच्या. जहाजावरच्या. अप्पांनी बांधलेली गाठ अप्पांशिवाय कुणाला सुटत नाही. बैल त्यांनी बांधावा, कडब्याची गाडी त्यांनी आवळावी, देवळाच्या कळसावरचा झेंडा त्यांनी अडकवावा. गाठ मारली की अप्पा तिच्यावर बोटानं टिचकी मारतात आणि तिलाच विचारतात, "सुटशील का?" मग कान देऊन थांबतात. आणि आपणच सांगतात, "न्हाई म्हणायलीय."

एकदा जत्रेच्या गर्दीत एक चोर त्यांची म्हैस सोडायला आला. गाठीशी झुंजून झुंजून त्याच्या नखांचं पीठ झालं. मागं अप्पा उभे. म्हणाले, "बाबा, ओढू नको. आधी दोरी कुठून आली ते बघ." तासभर शिकवलं त्याला. म्हैस रवंथ करत दोघांकडं बघत होती. तो चोर आज संतपूरच्या बाजारात दोरखंड विकतो आणि अप्पांना गुरू मानतो. खोटं वाटत असेल तर म्हशीला विचारा.

लग्नातसुद्धा नवरा-नवरीच्या पदराची गाठ अप्पांनीच मारायची. आमच्या गावात काडीमोड होत नाही, याचं कारण लोक संस्कार सांगतात. खरं कारण असं, की ती गाठ सोडायला अप्पांनाच बोलवावं लागतं आणि अप्पा येत नाहीत.

आणि पाळणे! चिंताकीत बारसं मराठ्यांचं असो, लिंगायतांचं असो, बौद्धांचं असो की मुसलमानांचं, आढ्याला पाळणा अप्पाच टांगणार. टांगून झाला की खिशातून पदक काढणार आणि बाळाच्या डोळ्यांसमोर लोंबेल असं पाळण्याच्या दोरीला बांधणार. बाळाला पहिला दात येईपर्यंत पदक तिथंच. दात आला, की बाळ पदकाला चावणार, अप्पा खूण तपासणार आणि मगच गाठ सोडणार. त्यामुळं आमच्या गावातल्या सुना आधी पदक कुठं आहे ते बघतात आणि मगच त्यांना दिवस राहतात, असं मी म्हणतो. बायका मला हसतात, पण खोडून कुणी काढत नाही.

पदक मिळालं कशाबद्दल? माझ्या गिरणीवरच्या हकिकतीत अप्पांनी भर तुफानात अख्खं जहाज एका दोरीनं ओढून काठाला लावलं, आणि जहाजावर दोन हत्ती होते. खरी गोष्ट एवढीच, की खवळलेल्या समुद्रात एक होडी फुटली, अप्पांनी जहाजावरून दोर टाकून बांधला आणि त्या एका दोराला धरून होडीतली सगळी माणसं वर आली. जहाजाचा कठडा वाकला. गाठ हलली नाही. अप्पा तर याहून कमी सांगतात. "दोर बांधला. सुटला न्हाई." झाली शौर्यगाथा.

म्हणून पदक आपलं नाही, गाठीचं आहे, असं ते मानतात. हैदराबादचा एक जुन्या वस्तू घेणारा माणूस मोटार घेऊन आला होता. भिंगातून बघून हळहळला, की एवढी दुर्मीळ वस्तू, पण हिच्यावर दातांच्या खुणा पडल्यात. अप्पांनी पदक त्याच्या हातातून काढून घेतलं. म्हणाले, "खुणा हायत म्हणूनच ते ठेवलंय. न्हाईतर कवाच दिलं असतं."

अप्पांना स्वतःला मूलबाळ नाही. घरात ते आणि काशीअक्का. अक्का भारी कामाची बाई, लग्नाला पुढं, मयताला पुढं. पण बारशाला कधी जात नाही. पाय दुखतो म्हणते. मी तिला चिडवायचो, की अक्का, तुझा पाय पंचांग बघून दुखतो. ती हसायची आणि सूप हातात घ्यायची.

तर, संतपूरचा मांडव. तालुक्यात काही लोक कुजबुजत होते, की चिंताकीत कसला आलाय नेव्हीवाला, पदक बाजारातून आणलं असेल. ते लोक मुद्दाम पहिल्या रांगेत येऊन बसले होते. आणि कारवारचे साहेब आले होते तेच त्या पदकासाठी. भरती झाल्यापासून त्या दोराची गोष्ट ऐकत आले होते म्हणे. एवढ्या वर्षांनी अप्पांचा पहिला सत्कार, आणि छाती रिकामी. बिरादार सर रडायच्या बेतात आले. अप्पांना म्हणाले, कुणाच्या पाळण्याला असेल तर सोडून आणू, दोन घटकेचं काम.

"दात आला न्हाई अजून," अप्पा म्हणाले.

मग सरांनी अप्पांना न सांगता मला मोटारसायकलवर पिटाळलं. बरोबर त्यांचा एक शिपाई दिला. पदक होतं सुमनबाई कांबळेंच्या नातीच्या पाळण्याला. सुमनबाईंची लेक प्रज्ञा बाळंतपणाला माहेरी आलेली, अजून परतली नव्हती. शिपायानं गाठीला हात घातला, दात लावले, शेवटी घाम पुसला आणि खिशातून चाकू काढला. सुमनबाई चुलीपाशी होत्या. त्या फुंकणी घेऊनच आल्या.

"दोरी कापलास तर बोटं मोजून घे आधी. माझ्या नातीला दात यायचाय."

मी मध्ये पडलो. सगळं सांगितलं, पहिल्या रांगेतले लोक काय बोलतात, तेही सांगितलं. अर्थात गिरणीच्या मापानं. सुमनबाईंचा चेहरा बदलला. प्रज्ञा म्हणाली, मग पाळणाच नेऊ. पण पाळणा आढ्याला बांधलेला आणि ती गाठही अप्पांचीच. सुमनबाईंनी पडवीच्या आढ्याकडं बघितलं. पदर खोचला.

"आढं काढा," म्हणाल्या.

पडवीचे पत्रे सरकवले, भिंतीतलं लाकूड उपसलं. दोन्ही टोकांना दोन-दोन गडी लागले आणि मध्ये पाळणा, पाळण्यात पोरगी, पोरीच्या नाकावर पदक. पडवी मागं एका कुशीवर आडवी झाली. तिकडं बघायला कुणाला वेळ नव्हता. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चौघं खांद्यावर आढं घेऊन उभे राहिले. हलगीवाले स्वतःहून चढले. शेजारच्या गल्लीतली मेहबूबबी, जिच्या तिन्ही पोरांनी ते पदक चावलंय, तीही चढली. मग ज्यानं ज्यानं चावलं होतं तो प्रत्येक जण निघाला. म्हणजे झालं काय, की अर्धं गाव निघालं. वाटेत खड्डे एवढे, की उंटाचीही कंबर मोडावी. पण पाळणा असा चालला होता, जणू शांत पाण्यावरची नाव. पोरगी तर झोपली.

इकडं मांडवात शाळेची मुलं तोच नाच पुन्हा पुन्हा करून दमली होती. हलगी ऐकू आली आणि मांडवाचं तोंड फिरलं. खांद्यावर घराचं लाकूड, त्याला टांगलेला पाळणा आणि मागं अख्खी चिंताकी. पहिल्या रांगेतले लोक आपोआप उभे राहिले. वाट द्यायला की पळायला, ते मी सांगू शकत नाही.

अप्पांनी पाळणा बघितला आणि पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. "कामून आणलाव लेकराला उन्हात?"

सुमनबाई म्हणाल्या, "तुमचं पदक आम्ही सोडलं न्हाई. तुम्ही म्हणलाव तसंच हाय."

कारवारचे साहेब स्टेजवरून खाली उतरले. पदकाकडं बघायच्या आधी त्यांनी आढ्यावरची गाठ बघितली. बोटानं चाचपली. मग पदक उलटं करून मागं कोरलेलं नाव वाचलं, मोठ्यानं, पहिल्या रांगेला ऐकू जाईल असं. पोरगी तेवढ्यात जागी झाली. पदक उचललेलं तिला आवडलं नाही. तिनं साहेबांचं बोट धरलं आणि थेट तोंडात घातलं.

साहेब ओरडले. कानडीत.

सुमनबाईंनी नातीच्या हिरडीवरून बोट फिरवलं. पोरगी त्यांनाही चावली. "आला गं बाई, दात आला!"

त्या मांडवात जो गलका झाला, तो कारवारच्या किनाऱ्यावर ऐकू गेला असणार. बिरादार सर माईकवर नाचले. अप्पा पुढं झाले, पदक पोरीच्या तोंडात दिलं, परत काढून उन्हात धरलं. नवी खूण होती. मग दोन बोटांनी त्यांनी ती गाठ अशी सोडली, की फुलाची पाकळी उघडावी. साहेबांनी पदक आपल्या रुमालानं पुसलं, अप्पांच्या छातीवर लावलं आणि एक पाऊल मागं सरकून कडक सॅल्यूट ठोकला. अप्पांनीही ठोकला. खांद्यावर लाकूड असल्यानं त्या चौघांना ठोकता आला नाही, म्हणून त्यांनी पाळणा हलवला.

परत आल्यावर मी धावतच अक्काकडं गेलो. अप्पा सुमनबाईंची पडवी उभी करायला थांबले होते. अक्का अंगणात तूर पाखडत होती. मी सगळं सांगितलं, साहेबांच्या बोटाचे तर मी पार दोन तुकडे केले. ती हसली. मी म्हणालो, "अक्का, तू बघायला पायजे होतीस. एवढी पक्की गाठ! जहाजावर लई शिकवतात वाटतं."

अक्कानं सुपातले दोन खडे वेचून टाकले. मग तिनं सांगितलं, जसं कुणी बाजारभाव सांगतं. माझ्या जन्माआधी त्यांना एक मुलगा झाला होता. अप्पा समुद्रावर. बारशाला पाळणा भावकीतल्या कुणीतरी टांगला. गाठ सुटली. लेकरू वाचलं नाही. जहाजापर्यंत सांगावा पोचलाच नाही. अप्पा सुट्टीवर घरी आले ते नवं पदक घेऊन, मुलाच्या पाळण्याला बांधायला. दारातून आत आले आणि आधी आढ्याकडं बघितलं.

गिरणी बंद होती. इतकं गप्प मला सोसत नाही. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "मग त्याच्यानंतर, अक्का? अप्पांनी एवढे पाळणे बांधले..."

तिनं सूप झटकलं.

"त्याच्यानंतर एक बी सुटला न्हाई."