डूगनची खुर्ची

"बर्फ उपसणं हे ताकदीचं काम नव्हेच मुळी, अकलेचं काम आहे!" कॅझ पावलिकने सकाळीच बायकोला ऐकवलं आणि फावडं उचललं. उचललं म्हणजे कसं? गुडघे वाकवून, पाठ ताठ ठेवून, पोट आत ओढून! रिकाम्या फावड्याला एवढा थाट बघून लोटीने कपाळाला हात लावला.

"कॅझ, अरे कुणाला तरी बोलाव की. या वयात हे काय डोक्यात घेतलंस?"

"छट्! डेनिसची गाडी मी साफ केलेल्या जागेतच लागणार. आणि जूनीला मी स्वतः उचलून घरात आणणार. बघच तू!"

आतलं दुखणं लोटीला ठाऊक होतं. गेल्या ख्रिसमसला कॅझने असाच बर्फ उपसला होता, पण कमरेतून वाकून, खांद्यावरून मागे भिरकावत, अगदी पैलवानी थाटात. कंबर धरली ती धरलीच. संध्याकाळी नात हात पसरून धावत आली, तर हा कळवळून ओरडला, "दूर हो!" पोरीने ते मनाला लावून घेतलं आणि तिच्या आईने त्याहून जास्त. तेव्हापासून जूनी आजोबांशी फोनवरसुद्धा बोलत नव्हती. आता मुलाने, डेनिसने, ॲरिझोनात नोकरी धरली होती. बिऱ्हाड गाडीत भरून ते शिकागो सोडून चालले होते आणि जाता जाता तेवढे जेवायला थांबणार होते. पुन्हा कधी याल, असं विचारायची छाती दोघांनाही झाली नव्हती.

म्हणून तर कॅझ वर्षभर व्यायामाच्या बाईंकडे जाऊन पाठ सांभाळायचं शास्त्र शिकला होता! बर्फ आधी ढकलायचा, अगदीच नाइलाज झाला तर उचलायचा. घास घेतल्यासारखा थोडा थोडा. टाकताना कंबर पिरगळायची नाही, पावलांसकट सबंध वळायचं. मध्येच थांबायचं, हात कमरेवर ठेवून आभाळाकडे बघायचं.

"काय रे, बर्फ काढतोयस की नवरी नाचवतोयस?" शेजारचा डूगन ओट्यावरून खिदळला.

"हस लेका, हस! उद्या तू झोपशील आडवा, मी नाही."

दुपारपर्यंत दारासमोर गाडीपुरती जागा लख्ख झाली. आता तिच्यात खुर्ची ठेवायची. ज्याने बर्फ उपसला त्याची जागा आणि खुर्ची ही तिची राखण, हा गल्लीचा कायदा. पण कॅझची स्वयंपाकघरातली हिरवी खुर्ची गेल्या हिवाळ्यात कुणीतरी खुशाल बाजूला सारली होती. आज धोका नको! आज खुर्ची हवी तर डूगनची! एक हात तुटलेली, तांबडी, लोखंडी. ती एकदा कुणी हलवली, तर डूगनने त्याच्या गाडीवर रात्रभर नळाचं पाणी सोडलं होतं. सकाळी गाडी बर्फाच्या लादीत! तेव्हापासून त्या खुर्चीकडे कुत्रंही वळून बघत नसे.

"ने की," डूगन खुशीत म्हणाला. "बघू कोणाची हिंमत होते!"

लोटी खसखशीचा केक आणायला बेकरीत गेली. कॅझ बाईंच्या हुकमाप्रमाणे जमिनीवर उताणा पडला, गुडघे दुमडून. श्रमानंतर पाठीला विसावा!

स्वयंपाकघरात फोन वाजला.

धाडकन उठायचं नाही. आधी कुशीवर वळायचं, मग कोपरावर जोर, मग गुडघ्यांवर... कॅझ कोपरापर्यंत आला आणि फोन थांबला. लोटीच असेल, केक कुठला आणू विचारत! तो परत पडला, तोही रीतसर. पुन्हा फोन. पुन्हा कूस, पुन्हा कोपर. या वेळी तो टेबलापर्यंत पोचला आणि फोन गप्प झाला.

डेनिसचं नाव! कॅझ फोन लावत सुटला. बऱ्याच वेळाने तो उचलला गेला.

"बाबा, निघालो आम्ही. हायवेला लागलोय."

"निघालात? अरे, आलात कधी?"

"गल्लीत फेऱ्यांवर फेऱ्या मारल्या. थांबलो की मागून हॉर्न! एकच जागा होती, तीही दारासमोर. पण तिच्यात डूगनची खुर्ची."

"अरे गाढवा, भिरकावून द्यायची ना!"

"डूगनची? बाबा, दुसऱ्याच्या खुर्चीला हात लावला म्हणून लहानपणी तुम्हीच मला बदडलं होतंत! फोन केला, तर तुम्ही उचलेनात. ही म्हणाली, अजून राग धरून बसलेत."

"राग कसला? मी पाठ टेकून पडलो होतो रे!"

"परत धरली?"

"छे! पाठ ठणठणीत आहे!"



"मग फोन का नाही उचललात?"

"वळा ना मागे," तो कसाबसा म्हणाला.

"वादळ येतंय बाबा. अंधाराच्या आत पुढे निघायला हवं."

"बरं, जूनीला तरी दे."

"ती... झोपलीय."

मागे जूनी मोठमोठ्याने गाणं म्हणत होती.

लोटी केक घेऊन दारात आली. "आले का रे?" कॅझ तिच्या बाजूने बाहेर पडला. त्याने गुडघे वाकवले, पाठ ताठ ठेवली, खुर्ची छातीशी घट्ट धरून उचलली आणि डूगनच्या ओट्यावर नेऊन ठेवली. मग पावलांसकट सबंध वळला. तेवढ्यात एका अनोळखी माणसाने रिकाम्या जागेत गाडी घातली होती.

"काय रे कॅझ, पाठ काय म्हणते?" डूगनने विचारलं.

"एक नंबर," कॅझ म्हणाला. "पाहिजे ते उचलायला लाव."