दहाव्या डोसचा विनियोग

संरक्षणासाठी उभारलेल्या प्रत्येक व्यवस्थेला कालांतराने आपल्याच माणसांचा संशय येऊ लागतो. शरीरही त्याला अपवाद नाही. माझ्या मावशीच्या शरीरातील संरक्षण खात्याने तिच्या वयाच्या एकावन्नाव्या वर्षी असा निष्कर्ष काढला, की तिच्या बोटांचे सांधे परके आहेत, आणि त्यांच्यावर रीतसर कारवाई सुरू केली. तेव्हापासून या खात्याला आवर घालण्यासाठी मावशी दर रविवारी एक गोळी घेते. गोळीने सांधे वाचतात. खाते मात्र इतके सुस्तावते, की खरोखरच कोणी परका आला तरी जागचे हलत नाही. वैद्यकशास्त्रात याला प्रकृती स्थिर असणे म्हणतात.

मावशीची एकुलती एक मुलगी नोकरीसाठी एका उष्ण देशात राहते. यापूर्वी दोनदा तिची आशा अर्ध्यावरच मावळली होती. तिसऱ्या वेळी आठवा महिना लागला, तेव्हा तिने फोन केला. "आई, या वेळी तू जवळ हवीस." मावशीने हो म्हटले. प्रसूतीला त्या दिवशी सात आठवडे होते.

त्या देशाच्या जंगलांत पीतज्वर नावाचा, डासांमार्फत पसरणारा ताप आहे. त्यावरची लस घेतल्याचा दाखला असल्याखेरीज तेथे प्रवेश नाही. ही लस जिवंत विषाणूंची असते. विषाणू अशक्त केलेले असतात, पण जिवंत असतात. धडधाकट शरीर त्यांना लोळवते आणि धडा घेते. सुस्तावलेल्या शरीरात तेच विषाणू बस्तान बसवू शकतात. म्हणून सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ अक्षरांत लिहून दिले: मुक्काम जंगलापासून लांब, शहरात आहे, मच्छरदाणी वापरावी, ही लस देऊ नये, सूट द्यावी. नियमांत अशा सूटपत्राची सोय आहे. (नियम मुळात दयाळूच असतात. ते ज्या कपाटात ठेवतात, त्याची किल्ली रजेवर असते.)

प्रवासी लसीकरण केंद्र एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होते. अर्जात बावीस प्रश्न होते. सतरावा असा: 'गोळ्या थांबवून लस घेण्यासाठी प्रवास तीन महिने पुढे ढकलता येईल काय?' मावशीने वजन-मापे तपासण्याच्या कचेरीत तीस वर्षे काढली आहेत. अंदाजाने रकाना भरणे तिला पाप वाटते. तिने तिथूनच मुलीला फोन लावला.

"तीन महिने पुढे ढकलता येईल का, विचारतायत."

"थांब, विचारून बघते." तिने प्रश्न पोटातल्या बाळाला विचारला. "लाथ मारली. नाही असंच समजायचं ना?"

मावशीने 'नाही' लिहिले.

केंद्राच्या कारभाराचे मला मनापासून कौतुक वाटते. लसीच्या एका कुपीत दहा डोस असतात आणि उघडलेली कुपी काही तासांतच संपवावी लागते. म्हणून दहा माणसे जमल्याशिवाय ती उघडत नाहीत. हे शास्त्राला धरून आहे. दाखल्याच्या शिक्क्याचा गैरवापर होऊ नये म्हणून तोही कुपीशेजारी, कुलूपबंद फ्रिजमध्ये ठेवतात, आणि तो फ्रिज फक्त कुपी काढायला उघडतात. हे सुरक्षेला धरून आहे. सूटपत्रावर तोच शिक्का लागतो. तात्पर्य, लस न घेण्यासाठीसुद्धा दहा माणसे जमावी लागतात.

"शिक्का फ्रिजमध्ये कशाला हो?" मावशीने कारकुनाला विचारले.

"चांगला राहतो," कारकून म्हणाला.

पहिल्या खेपेला चार माणसे जमली, दुसऱ्या खेपेला सात. तिसऱ्या खेपेला नऊ दिसली, पण त्यांतील तिघे सोबतीला आलेले होते (एक मी). चौथ्या खेपेला प्रसूती तीन आठवड्यांवर आली होती आणि बाकावर नऊ अस्सल प्रवासी बसले होते. कारकुनाने पेनाच्या टोकाने सगळ्यांना मोजले.

"काकू धरून दहा झाले."

"अहो, मी लस घेणार नाहीये."

"घ्यायला कोण सांगतंय? नुसतं मोजलंय."

कुपी उघडली. नऊ दंड टोचून झाले आणि परिचारिका दहावी सुई भरून मावशीपुढे उभी राहिली. वहीत नावे दहा, कुपीत डोस दहा. बाई हिशेबाच्या पक्क्या होत्या.

"माझ्याजवळ पत्र आहे, बाई."

"पत्र त्यांना दाखवा. माझ्याकडे डोस उरलाय."

"वाया गेला असं लिहायला रकाना असेल की."

"आहे ना," कारकून म्हणाला. "पण तो भरला की चौकशी लागते."

"आणि मला टोचून मी मेले तर?"

कारकुनाने प्रामाणिकपणे वही शेवटपर्यंत चाळली. "तसा रकाना नाहीये."

मावशीने चष्मा लावून वही आपल्याकडे ओढली. कमी भरलेले माप हाती लागावे तसे तिचे बोट एका ओळीवर थांबले: 'कर्मचारी'. अकरा वर्षे तो रकाना कोरा होता.

"तुम्ही घेतलीय का हो कधी?"

"मी? मी कुठं जातो?"

"उद्या बदली झाली तर? बाही वर करा."

"काकू, मला सुईचं जरा…"

परिचारिकेने त्याला ॲलर्जी, आजार, गोळ्या असे सर्व शास्त्रोक्त विचारले. तो ठणठणीत निघाला, हेच त्याचे दुर्दैव. हजारो दाखल्यांवर शिक्का मारणाऱ्या त्या हाताने टोचून घेताना माझे मनगट घट्ट धरले होते. वहीचा मेळ बसला, मावशीच्या नावावर रेघ आली, आणि गारठलेला शिक्का दुसऱ्या प्रयत्नात सूटपत्रावर उमटला.

विमान चार दिवसांनी होते. या चार दिवसांत तेवीस आप्त निरोपाला आले आणि प्रत्येकाने डासांविषयी बजावले. थोरल्या काकांनी त्या जंगलातील धोक्यांवर वीस मिनिटे विवेचन केले, मधून मधून खोकत. "साधाच आहे गं, आठवडा झाला," असे म्हणून त्यांनी तिच्या तोंडात पेढा भरवला. शेजारच्या वहिनी गळ्यात पडल्या आणि तिथेच शिंकल्या.

परदेशी अधिकाऱ्याने सूटपत्र वाचले, मान डोलावली आणि मावशीला आत सोडले. तिला तिकडे एकही डास चावला नाही. तिसऱ्या दिवशी फ्लूने ताप चढला. खाते जागचे हलले नाही. सातव्या दिवशी नात जन्मली, तेव्हा मावशी त्याच रुग्णालयाच्या दुसऱ्या इमारतीत नाकाला प्राणवायूची नळी लावून होती. मुलीने फोनवर बाळाचे रडणे ऐकवले.

"ऐकू येतंय का आई? घेऊन येऊ का दारापर्यंत?"

"येतंय. तिला इकडे आणू नकोस."

तिने नातीला हातात घेतले ते सोळाव्या दिवशी.

फ्लूची लस निर्जीव असते. मावशीने ती घेतलेली होती. पण सुस्तावलेले खाते लसीकडून कमीच शिकते, म्हणून अशा माणसाचे निम्मेअधिक संरक्षण त्याच्या भोवतालच्यांच्या दंडांत साठवावे लागते. ही साठवण तपासण्यासाठी मी तेवीसही आप्तांचे सर्वेक्षण केले. प्रतिसाद शंभर टक्के. यंदा लस घेतलेले: शून्य. कारणे: 'मला काही होत नाही' (चौदा), 'वेळच मिळाला नाही' (सात, पैकी सहा निवृत्त), 'घेणारच आहे' (दोन). प्रश्न विचारणारा मी असल्यामुळे मला कोणी विचारले नाही.

तुम्हालाही कोणी विचारणार नाही. आत्ता मनातल्या मनात जे कारण जुळवत आहात, ते वरील तीनपैकी कोणत्या रकान्यात बसते, तेवढे पाहून घ्यावे. चौथा रकाना आखण्याची वेळ अजून कोणी आणलेली नाही.