मल्लप्पा पुण्यातच का चुकतो

मल्लप्पाला कोणी रस्ता सांगितला, की तो मान डोलावून ट्रक पुढे काढतो आणि लगेच आरशात पाहतो. रस्ता सांगणारा इसम मागे उभा राहून हसताना दिसला, तर सांगितलेला रस्ता खोटा असल्याचे गृहीत धरून तो मिळेल त्या वळणावर गाडी उलट दिशेला घालतो. मोठ्या शहरांत माणसे नाना कारणांनी हसत असतात. त्यामुळे मल्लप्पा आजवर हैदराबादेत, सुरतेत आणि बेंगळुरात यथास्थित चुकलेला आहे.

मल्लप्पा मूळचा वळसंगचा. सोलापुरात अक्कलकोट रस्त्याच्या बाजूला आमची घरे एकाच भिंतीने जोडलेली आहेत. एका चादरवाल्या शेठकडे तो ट्रक चालवतो. चादरी आणि टॉवेल भरून परगावी पोचवणे हे त्याचे काम. मी स्वतः सरकारी कचेरीच्या आवाराबाहेर लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहितो. माझे शिक्षण नववीपर्यंतचे असले, तरी काही वकील मंडळीदेखील आपला मसुदा माझ्या नजरेखालून घालतात, आणि खोटे बोलणारा मनुष्य समोर बसण्यापूर्वीच मला ओळखू येतो. पुढील हकीकतीशी याचा संबंध असल्यामुळे हे नमूद केले.

रस्ता कोणाला विचारावा, याचे मल्लप्पाचे नियम आहेत. चालत्या माणसाला विचारू नये, कारण त्याला स्वतःलाच कुठेतरी पोचायचे असते. रिक्षावाल्याला विचारू नये, कारण "त्येला आपली गाडी त्येच्या रस्त्यावर नको असती." पंक्चरवाल्याला विचारावे, परंतु त्याने सांगितलेल्या रस्त्यावर खिळे असणार हे धरून चालावे. जो गोड बोलतो तो फसवतो. जो तुटक बोलतो त्याला काहीतरी लपवायचे असते.

बेंगळुरात एका गृहस्थाने त्याला अस्सल कन्नडमध्ये रस्ता सांगितला आणि वर चहाचा आग्रह केला. घरात कन्नड बोलणाऱ्या माणसाला याचा आनंद व्हायला हवा होता.

"वळख न्हाय, पाळख न्हाय, आन् च्या पाजतोय?" मल्लप्पा मला सांगत होता. "मी तसाच उलटा वळलो की."

"मग?"

"मग काय. गाडी एका लग्नाच्या मांडवात घुसली. जेवून आलो. जेवन चांगलं हुतं."

हैदराबादेतल्या उड्डाणपुलांवर त्याचा विशेष राग आहे. "चढवत्यात झोकात, पण कुटं उतरवणार ते आदी सांगत न्हाईत. न सांगता माणसाला उचलून न्यायचं, ह्येला कायद्यात काय म्हनत्यात, रायटर?" मी कायद्यात काय म्हणतात ते सविस्तर सांगितले. त्याला ते संशयास्पद वाटले.

शेठने त्याला रस्ता सांगणारा फोन घेऊन दिला. त्यातली बाई "उजवीकडे वळा" म्हणाली, की मल्लप्पा विचारी, "का?" ती कारण सांगत नसे. "कारन न सांगता हुकूम सोडतीया. कुणाची माणूस हाय, कुणाला ठावं!" तो फोन त्याने टॉवेलात गुंडाळून सीटखाली सारला. क्लीनरही तो ठेवत नाही. शेजारचा मनुष्य डुलक्या घेतो तेव्हा खरोखर झोपलेला असतो की झोपेचे सोंग घेऊन पाहत असतो, हे कळण्यास मार्ग नाही, असे त्याचे म्हणणे.

इथपर्यंतचे सर्व हसण्यावारी नेता आले असते. पुण्याचे तसे नव्हते.

पुण्यात शेठचा माल ज्या गोदामात उतरतो, ते हडपसरच्या अलीकडे, सोलापूर रस्त्याला अगदी लागून आहे. सोलापुरातून निघालेला मनुष्य स्टिअरिंग सरळ धरून बसला, तरी दाराशी पोचेल. आणि मल्लप्पा प्रत्येक फेरीला पुण्यात चुकत असे. गोदाम बंद झाल्यावर पोचायचा, माल दुसऱ्या दिवशी उतरायचा आणि व्यापाऱ्याचा फोन शेठला यायचा. त्यातच शेठच्या एका नातलगाने हा ट्रक कोंढव्यात एका इमारतीसमोर उभा पाहिला. मल्लप्पा आत केस विंचरून बसला होता.

शेठने त्याला गल्ल्यासमोर उभे केले. कामगारही ऐकत होते.

"मल्लप्पा, हैदराबादेत चुकलास, सोडून दिलं. पुण्यात गोदाम रस्त्यावर हाय. कोंढव्यात काय करत होतास?"

"चुकलो."

"पुन्यांदा पुण्यात चुकलास, तर चावी हितं ठेवायची आन् घरी बसायचं."

"व्हय."

मल्लप्पा पन्नाशी ओलांडलेला. चुकणारा ड्रायव्हर म्हणून त्याचे नाव सर्व ट्रान्सपोर्टवाल्यांत झालेले. ही चावी गेली, तर दुसरी कोणी हाती देणार नाही, हे त्यालाही ठाऊक होते आणि मलाही.

त्याच संध्याकाळी त्याची बायको नीलव्वा भिंतीपलीकडून म्हणाली, "भावजी, कोंढव्यात कोन हाय ओ?"

"कोणी असेलच असे नाही, वहिनी."

"मग शेंगाचटणी कोन खातंय? पुण्याला जाताना म्हनत्यात, डबा भरून दे. ह्यांना तर शेंगाचटणीनं ठसका लागतोय. तुमी कायद्याचं माणूस, बगा की जरा."

पोटगीच्या अर्जांमुळे अशी प्रकरणे माझ्या परिचयाची आहेत. सुरुवात नेहमी डब्यापासून होते. मी त्यांना जातीने चौकशी करण्याचे आश्वासन दिले.

पुढच्या फेरीला मी म्हणालो, "अण्णा, मलाही पुण्यास न्या. कार्यालयीन काम आहे."

"आफिसात? तुमचं आफिस तर झाडाखाली हाय."

"पुण्याच्या कार्यालयात."

"कुटल्या?"

"ते गोपनीय आहे."

या उत्तराने त्याचे समाधान झाले. असली उत्तरे त्याला समजतात.

मी वाटेत पुरावे जमवत गेलो. इंदापूरच्या पुढे त्याने गाडी बाजूला घेतली, तोंड धुतले आणि इस्त्रीचा सदरा चढवला. मग सीटखालून अत्तराची नवी कुपी काढून ती वरच्या खिशात जपून ठेवली. अर्जातील पहिला परिच्छेद माझ्या मनात तयार झाला.

दुपारी गोदामाची पाटी डाव्या हाताला दिसली. ती जवळ आली आणि मागे गेली.

"अण्णा, गोदाम मागे राहिले."

"व्हय."

"मग?"

"चुकलो," तो समोर बघत म्हणाला.

"शेठचे शब्द ध्यानात आहेत ना?"

"हायती की. गप बसा."

चहाच्या टपरीसाठीसुद्धा तिघांना विचारणारा हा गृहस्थ पुण्याच्या गर्दीतून एकालाही न विचारता नेमकी वळणे घेत गेला. हा माझ्या मते सर्वांत भक्कम पुरावा होता. कोंढव्यात एका उंच इमारतीच्या फाटकासमोर ट्रक थांबला. मी खिडकीतून वाकून त्या स्त्रीचा शोध घेऊ लागलो.

वॉचमनच्या खोलीजवळ प्लास्टिकच्या खुर्चीत एक म्हातारा बसला होता. जाळीची पांढरी टोपी, धुवट कुर्ता, हाडापेराने दणकट. मल्लप्पाने खाली उतरून त्याच्या गुडघ्याला हात लावला.

"कौन?"

"मल्लू, उस्ताद."

"देर कर दिया बे."

मल्लप्पाने कुपी उघडून अत्तराचा फाया त्याच्या कानात ठेवला आणि डबा मांडीवर दिला. म्हाताऱ्याने झाकण काढून बोटाने चटणी चाखली, मान हलवली आणि उठून थेट ट्रककडे गेला. फळीवर बोटांच्या पेरांनी ठोकले. कान देऊन ऐकले.

"भरेली है."

"भरेली है, उस्ताद."

"तो चल."

त्याला वर चढवताना मल्लप्पा माझ्याशी हळू बोलला. "ह्यांच्याकडं मी क्लीनर हुतो. गाडी ह्यांनीच शिकवली. मुलूख पालथा घातला, पर कदी कुणाला रस्ता इचारला न्हाय. आता हितं पोराच्या घरी असत्यात. पोराचं नाव बी कदी कदी आठवत न्हाय."

"आधी माल उतरवून येता आले असते."

"रिकाम्या गाडीत चढत न्हाईत. काम सुटलं वाटतं त्यास्नी."

मी मध्ये सरकलो. उस्तादांनी खिडकीशी बसून कुर्त्याच्या बाह्या सारल्या.

"घर को ले. सोलापूर."

"कुटनं घेऊ, उस्ताद?"

"सीदा."

मल्लप्पाने गाडी सरळ घेतली. सरळ रस्ता संपला तेव्हा उस्ताद म्हणाले "दायें", आणि मल्लप्पा उजवीकडे वळला. तिकडे भाजीचा बाजार भरला होता. एक बाई मेथीची जुडी उगारून ओरडली, "अहो ट्रकवाले, डोकं फिरलंय का तुमचं?" मल्लप्पाने हात जोडले आणि गाडी इंचाइंचाने पुढे काढली. पुन्हा "बायें". तो रस्ता एका नाल्यापाशी संपत होता.

"ये नाला नया दिसता," उस्ताद म्हणाले.

"हौ उस्ताद, नवा है," मल्लप्पा म्हणाला आणि सबंध गल्ली मागे घेत बाहेर आला. त्याने कोणाला विचारले नाही. उस्तादांना "का?" असेही विचारले नाही. उस्ताद बोट करतील तिकडे चाक वळत होते.

सूर्य उतरू लागला होता. मला राहवेना. "उस्तादजी, गोदाम के बंद होने का समय निकट आया है," मी शुद्ध हिंदीत निवेदन केले.

उस्तादांनी माझ्याकडे पाहिले. "ये कौन? क्लीनर?"

"हौ. नवा है."

"भोत बोलता."



अखेर म्हाताऱ्याची मान छातीवर कलू लागली, तेव्हा मल्लप्पाने स्वतःहून गाडी वळवली आणि त्याच फाटकासमोर आणून उभी केली. उस्तादांनी डोळे उघडले.

"आया क्या सोलापूर?"

"आया, उस्ताद."

फाटकात त्यांची सून वाट पाहत होती. तिने त्यांचा हात धरला आणि मल्लप्पाला म्हणाली, "कल से बैठे थे भैया, मल्लू गाडी लाता बोलके." ते जिन्यापर्यंत गेले, तरी मल्लप्पाने गाडी सुरू केली नाही.

गोदाम बंद झालेले होते.

दुसऱ्या दिवशी माल उतरवून सोलापुरात परतलो तेव्हा शेठ गल्ल्यावर होता. त्याने मल्लप्पाकडे पाहून नुसता हात पुढे केला. मल्लप्पाने खिशातून चावी काढली.

"शेठ," मी म्हणालो, "गाडी माझ्यामुळे चुकली. मला माझ्या कामाच्या ठिकाणी सोडण्यास मी भाग पाडले, आणि रस्ताही मीच चुकीचा सांगितला."

शेठने आम्हा दोघांना आळीपाळीने न्याहाळले. "तुमी सांगितला? आन् ह्यो तुमच्या सांगण्यावर गेला?"

"होय."

"ह्यो?"

"होय."

त्याचा विश्वास बसला नव्हता. परंतु माझ्यासारख्या माणसाला तोंडावर खोटा म्हणणे त्याला जड गेले असावे. "पुन्यांदा ह्यांना गाडीत घ्यायचं न्हाय," तो मल्लप्पाला म्हणाला आणि हात मागे घेतला. चावी मल्लप्पाकडेच राहिली.

बाहेर आल्यावर मल्लप्पा थांबला. "खोटं का बोललासा? तुमाला माज्याकडनं काय पायजे?"

"काही नको."

"कायतरी असंलच."

"अण्णा, शेठला खरे का सांगत नाही? वहिनींना तरी?"

त्याने आजूबाजूला कोणी ऐकत नाही ना, हे पाहिले.

"एकाला सांगितलं की ट्रकअड्ड्यावर जातंय, रायटर. उस्तादला आता रस्ता कळत न्हाय म्हनतील. हसतील. मी चुकतो म्हनू द्यात की. मला सगळेच म्हनत्यात."

नीलव्वांना मी इतकेच कळवले, की कोंढव्यात काळजी करण्यासारखे काही नाही. त्यांचे समाधान झालेले नाही. शेठचा मल्लप्पावर संशय आहे आणि मल्लप्पाचा माझ्यावर. मी काय मागणार, याची तो अजून वाट पाहतो. उस्तादांचे नाव, वडिलांचे नाव, राहणार कुठले, हे सर्व मला ठाऊक आहे. मी ते येथे लिहिलेले नाही.