सासूबाई, डंपलिंग आणि लाल टाचणी

चुणी कशी घालायची हे मला कुणी शिकवू नये. शिंप्याचं दुकान चालवण्यात माझी हयात गेली. माझ्या हातची चुणी धुलाईत मोडत नाही, इस्त्रीत मोडत नाही, गिऱ्हाईक सुटलं तरी जागची हलत नाही. मग मैद्याच्या पारीची काय बिशाद! असं मी बायकोला ऐकवलं आणि तिथेच फसलो.

भांडण होतं एअर फ्रायरवरून. मी तो हौसेनं आणला आणि ओट्यावर तिच्या मिक्सरच्या जागी ठेवला. माझ्या आधीच्या हौशी, म्हणजे ज्यूसर, पावाचं मशीन आणि पाय चोळायचं एक यंत्र, सगळ्या माळ्यावर सुखाने नांदतायत. बायकोने सरळ सांगितलं की रविवारी आई जेवायला येणार आहे. तिला आवडेल असं काही त्यातून निघालं तर मशीन ओट्यावर राहील, नाहीतर संध्याकाळी माळ्यावर. आता सासूबाईंना काही आवडतं असा इतिहास नाही. लग्नाआधी मला बघून त्या फक्त 'चालेल' म्हणाल्या होत्या.

रविवारी मी डंपलिंगसाठी कोबी-गाजराचं सारण केलं, पाऱ्या लाटल्या आणि चुण्या घालायला बसलो. सासूबाई माझ्या कोपराला कोपर लावून उभ्या राहिल्या. अंगात तोच राखाडी स्वेटर, ज्याची बाही बोटांच्या टोकापर्यंत येते आणि दर वेळी माझा जीव कासावीस करते. इकडे पारीही कासावीस करत होती. एक चुणी घालावी तर आधीची उघडायची, जणू सासरी रुसून बसलेली. हाताला सवय होती तेच हाताने केलं. मनगटावर सुट्टीलाही बांधलेली असते त्या टाचण्यांच्या गादीतली टाचणी काढली आणि चुणी टाचली!

काय सुंदर दिसत होती डंपलिंगं! प्रत्येकावर लाल मण्याची टाचणी. मग पीठ जरा सुकल्यावर सगळ्या टाचण्या काढल्या, वरून तेलाचा हात फिरवला आणि मशीनमध्ये घातली. बाहेर आली ती सोनेरी, कुरकुरीत. सासूबाईंनी एक खाल्लं. लगेच दुसरं उचललं. मी बायकोकडे अशा नजरेने पाहिलं की तिने भिंतीकडे पाहिलं.

त्याच तोऱ्यात मनगटावरची गादी सोडायला गेलो आणि घाम फुटला. गादीवर मी लाल टाचण्या फुलाच्या आकारात खोचतो. फुलाची एक पाकळी नव्हती.

"आई," मी म्हणालो, "चावताना काही कडक लागलं का?"

"कुरकुरीत करणार होता ना?"

बायकोला सगळं कळायला तेवढं पुरलं. तिने आईच्या हातातलं तिसरं डंपलिंग काढून घेतलं आणि डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांना टाचणीचं समजलं, पण डंपलिंगमध्ये टाचणी कशासाठी हे काही केल्या पटेना. मी जमिनीवरच्या टाचण्या गोळा करायचं दुकानातलं लोहचुंबक आणलं. ताटातल्या सगळ्या डंपलिंगांवरून फिरवलं, काही नाही. विश्वास बसेना म्हणून ती एकेक फोडली, काही नाही. मग उरल्या सासूबाई.

जावयाने सासूच्या पोटावरून लोहचुंबक फिरवावं अशी वेळ वैऱ्यावर येऊ नये. फिरवलं. आणि खट्! चिकटलं!

बायको मटकन खुर्चीत बसली. सासूबाईंनी शांतपणे स्वेटरच्या खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि चुंबकापासून सोडवला.

"झालं तुमचं? भूक लागलीय मला," असं म्हणून त्यांनी फोडलेल्या डंपलिंगांच्या ढिगाकडे हात लांबवला. त्या हाताच्या मनगटाशी काहीतरी लाल चमकलं.

स्वेटरची बाही मनगटाच्या मापात, सुबक दुमडून टाचलेली होती. चुण्या घालता घालता कोपराशी आलेली ती लांबलचक बाही माझ्या हाताला बघवली नव्हती, आणि हाताने मला न विचारता तिचं माप घेऊन टाकलं होतं.

सासूबाईंनी मनगट उलटसुलट करून पाहिलं. कधीपासून त्या बाहीचा त्रास होत होता म्हणे, पण जावई शिंपी असूनही कुणी विचारलं नाही. मग ढीग संपेपर्यंत त्या खात राहिल्या आणि लेकीला म्हणाल्या, "मशीन छान आहे गं. राहू दे ओट्यावर."

मी जिंकलो होतो! छाती फुगवून मी विचारलं, "आणि डंपलिंगं कशी झाली, आई?"

त्यांनी स्वेटर काढून माझ्या हातात दिला.

"चालेल. दुसरी बाही पण करून टाका."

मशीन आता ओट्यावर आहे. फक्त मला स्वयंपाकघरात जायचं असेल तर बायको दारात थांबवून आधी माझ्यावरून लोहचुंबक फिरवते.