कोंबडीचा पाय, बैलाची जीभ

बलरामाचं पोट बिघडलं ते काही केल्या थांबेना. समुद्रापारच्या बेटावर, शमें ग्रेनिए गावाजवळच्या उसाच्या मळ्यावर येऊन नवराबायकोला वर्ष होत आलं होतं, आणि कोकणातून आणलेला ओवा कधीच संपला होता. इस्पितळाचं नाव काढलं की बलराम भिंतीकडे तोंड करून झोपायचा. डोळे खोल गेले, तेव्हा त्याची बायको गंगा घाबरून फेलिसीकडे गेली.

फेलिसी ही ओढ्यापलीकडची म्हातारी क्रिओल वैदीण. तिच्या औषधात जादू असते, असं वस्तीत बोलत. तिने सगळं ऐकून घेतलं आणि आपल्या भाषेत औषध सांगितलं, "पात पूल, लांग बेफ, लाके लेरा. उकळ, गाळ आणि पाज."

गंगाला तिथली क्रिओल बोली जेमतेम कळायची. दुर्दैवाने हे सगळे शब्द तिला येत होते. कोंबडीचा पाय, बैलाची जीभ, उंदराची शेपटी. पुढचं काही न ऐकता ती उठून घरी आली आणि शेजारच्या कुंतीपुढे रडायलाच बसली.

"आमच्यात अंडंसुदीक शिजत न्हाय, वैनी. ह्यांना हे कसं पाजू?"

कुंतीने बराच विचार केला. "कापून घाल म्हनाली का ती?"

"न्हाय. नुसती नावं घेतली."

"मग जीभ बैलाच्या तोंडातच ऱ्हाऊ दे की. पान्याला लागली म्हंजे झालं."

गंगाला हे पटलं. दोघींनी गाडग्यात पाणी घेतलं. कुंतीची कोंबडी धरून तिचा पाय त्यात बुडवला. कुंतीने टोपलीखाली उंदीर पकडला आणि चिमट्यात धरून त्याची शेपटी बुडवली. मग गाडगं घेऊन दोघी गाडीच्या बैलापुढे उभ्या राहिल्या. बैलाने वास घेतला आणि मान फिरवली.

"मीठ टाक," कुंती म्हणाली.

मीठ टाकलं. बैल बघेना.

"गूळ टाक."

गूळ पडल्यावर बैलाने जीभ घातली ती काढेना. दोघींनी ओढून गाडगं सोडवलं, उरलेलं पाणी खळखळून उकळलं आणि गाळलं.

"कसलं हाय?" बलरामाने विचारलं.

"जादूचं हाय. नाव घ्यायचं न्हाय."

तो प्याला आणि म्हणाला, "आजून हाय का?"

मग सकाळ-संध्याकाळ तेच सुरू झालं. कोंबडी गंगाला पाहिलं की कुडावर चढून बसू लागली. उंदीर कुंतीने टोपलीखाली पाळला. गाडीवान विचारू लागला की माझा बैल तुमच्या दारात का थांबतो. इकडे बलराम मात्र उठून बसला, आणि एका सकाळी उंबऱ्यात बसून पेज पिऊ लागला.

त्याच सकाळी फेलिसी आली. "पाला न घेताच पळालीस," असं म्हणत तिने फडकं उलगडलं. त्यात एक काटेरी वेल होती, एक लांबट जाड पान होतं आणि शेपटीसारखा बारीक तुरा होता. एकेकावर बोट ठेवून तिने नावं घेतली. "पात पूल. लांग बेफ. लाके लेरा."

गंगा पाल्याकडे बघत राहिली. मग टोपलीकडे, मग पुन्हा पाल्याकडे. शेवटी तिने मोडक्यातोडक्या क्रिओलमध्ये, हातवारे करत, सगळं सांगून टाकलं. उंबऱ्यातल्या बलरामाचा पेजेचा हात तोंडाशी थांबला. त्याने कोंबडीकडे पाहिलं. कोंबडीने तोंड फिरवलं.

गंगाला वाटलं, म्हातारी आता हसेल नाहीतर रागावेल. फेलिसीने यातलं काही केलं नाही. तिने बलरामाची पापणी ओढून पाहिली आणि पोट दाबून पाहिलं. मग आपला पाला परत फडक्यात गुंडाळला, इकडेतिकडे बघून गंगाच्या जवळ सरकली आणि हळूच विचारलं,

"उंदीर काळा होता की करडा?"