चष्मेवाल्याचा द्राक्षमळा

छोट्या वाईनवाल्यांच्या मेळाव्यात चष्मेवाला आला तो बायकोच्या आग्रहाखातर. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलणाऱ्या त्या माणसाला इथलं सगळं कसं छान धूसर वाटत होतं. मंडपाच्या कापडातून ऊन झिरपत होतं. टेबलांमागे स्वतः द्राक्षं पिकवणारी माणसं उभी होती आणि घरचं लेकरू दाखवावं तशी बाटली पुढे करत होती.

बायको दुसऱ्या टेबलाकडे रमली. चष्मेवाल्याने कडेच्या टेबलाशी दोन घोट घेतले, तेवढ्यात ध्वनिक्षेपकावर एका गाडीचा नंबर पुकारला गेला.

"अगंबाई, माझीच गाडी! उचलून नेतील," टेबलामागची वाईनवाली घाबरली. "भाऊ, जरा इथं उभे राहता का?" आणि पळालीच.

लगेच एक जोडपं आलं. "या दोन्हींत फरक काय हो?"

त्याला काय ठाऊक? पण जिभेला सवय होती. "ही घ्या. आता ही. पहिली बरी, की दुसरी?"

"दुसरी."

"परत पहिली?"

"अरेच्चा! पहिलीच!"

लोकांना गंमत वाटली. रांग लागली.

"मळा कुठे तुमचा?" एका आजींनी विचारलं.

'मी चष्मेवाला' असं सांगायला त्याने तोंड उघडलं, पण बाहेर पडलं भलतंच. "डोंगराच्या कुशीत. संध्याकाळी धुकं उतरतं. वेली दिसेनाशा होतात, नुसता पानांचा आवाज येतो. आम्हीसुद्धा हळू बोलतो तेव्हा."

रांगेतले लोक आणखी जवळ सरकले. मग बाटल्या भराभर उचलल्या जाऊ लागल्या.

"काय हो, मळा कधी घेतलात?" समोर बायको उभी होती.

"हळू बोल गं!"

"घरी तर 'हं'च्या पुढे जात नाही तुम्ही," ती म्हणाली आणि दोन बाटल्या घेऊन गेली.

गर्दी पांगली तेव्हा त्याला खांबाला टेकलेली वाईनवाली दिसली. ती केव्हाची ऐकत होती. तो लगबगीने टेबलामागून बाहेर आला.

"चुकलं माझं, ताई. लोकांना काय काय सांगून बसलो."

"माझा मळा महामार्गाला लागून आहे," ती म्हणाली. "समोर टायरचं गोदाम. धुकं कसलं, ट्रकचा धूर असतो. बाटली घेऊन निघालेल्या एकेकाला या खांबापाशीच गाठून खरं सांगितलं. एकानेही बाटली परत केली नाही."

तिने शेवटच्या बाटलीतली वाईन दोन पेल्यांत ओतली, खुर्ची ओढली आणि डोळे मिटून घेतले.

"हं, सांगा. धुकं उतरलं, मग?"